वह्यांचे रक्षण : मोठ्या सर्व्हरसाठी डिस्कची रचना कशी निवडावी?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीवर स्वस्तिक रेखून आपण नव्या जमाखर्चास प्रारंभ करतो. ही परंपरा आजही टिकून आहे. तथापि ज्या वहीत प्रत्यक्ष व्यवहार उतरतो, ती वही आता बहुधा कागदाची राहिलेली नाही. कापूस, संत्री, धान्य, किराणा वा कापड, कोणताही व्यापार घ्या; पांढुर्णा व सौंसर येथील पेढ्यांची कीर्द-खतावणी, बिले आणि कॅमेऱ्यांची चित्रे संगणकात साठत आहेत. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. हार्ड डिस्क मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. मग उधारीचा पुरावा कोठून आणावा?

नकलेचे महत्त्व जैन समाजास नव्याने सांगावयास नको. षट्खंडागमावरील धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे शतकानुशतके केवळ मूडबिद्री येथेच उरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला होऊ लागल्या, आणि 1939 साली प्रा. हीरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड आपल्या शेजारच्या अमरावतीहून प्रकाशित झाला. प्रत एकच असेल, तर एका वाळवीने सर्वस्व जाते, हाच यातील बोध होय.

संगणकात अनेक डिस्क एकत्र जोडून हे रक्षण साधण्याच्या पद्धतीस ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या संशोधकांनी 1988 साली ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिला ‘रेड 10’ : प्रत्येक डिस्कची हुबेहूब जोडीदार डिस्क ठेवावयाची. दुसरा ‘रेड 5’ : नकलेऐवजी बेरीज ठेवावयाची. समजा, तीन डिस्कवर 12, 7 आणि 9 हे आकडे आहेत. चौथीवर बेरीज 28 लिहिली. मधली डिस्क गेली, तर 28 मधून 21 वजा करून 7 परत मिळतात. तिसरा ‘रेड 6’ : साध्या बेरजेबरोबर दुसरी, निराळ्या प्रमाणाची बेरीजही ठेवावयाची. पहिल्या आकड्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट व तिसऱ्याची तिप्पट मिळून 53 होतात. आता 7 आणि 9 दोन्ही गेले, तरी दोन समीकरणांवरून ते दोन्ही निघतात. यंत्रातील गणित निराळे असले, तरी तत्त्व हेच.

आता खर्चाचा विचार करू. प्रत्येकी 16 टेराबाइटच्या आठ डिस्क घेतल्यास रेड 5 मध्ये 112, रेड 6 मध्ये 96, तर रेड 10 मध्ये 64 टेराबाइट जागा वापरावयास मिळते. व्यापारी दृष्टीस रेड 5 चा सौदा स्वस्त वाटेल; परंतु धोका तेथेच आहे. एक डिस्क गेल्यावर नवी भरून काढण्यासाठी, सेकंदास 200 मेगाबाइट या वेगानेही, किमान 22 तास लागतात. काम चालू असेल, तर काही दिवसही लागतील. त्या अवधीत उरलेल्या सातही डिस्क, म्हणजे 112 टेराबाइट, अखंड वाचाव्या लागतात, आणि रेड 5 मध्ये तेव्हा दुसरा आधार उरलेला नसतो. एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या डिस्क पाठोपाठ बिघडण्याचीही शक्यता असते. रेड 10 मध्ये नेमकी जोडीदार डिस्क गेली तर नुकसान ठरलेले. रेड 6 मात्र कोणत्याही दोन डिस्कचा बिघाड सोसते.

यास्तव बिलांच्या छायाप्रती, कॅमेऱ्याची चित्रे आदी अवजड संग्रहासाठी मोठ्या डिस्कवर रेड 6 निवडावी. दिवसभर लहान लहान नोंदी होणाऱ्या हिशेबासाठी मात्र जोडीची पद्धत बरी. कारण रेड 6 मध्ये एका लहान नोंदीस साधारणतः सहा वेळा वाचन-लेखन होते, तर जोडीत केवळ दोनदा. एक डिस्क राखीव ठेवावी, दरमहा सर्व डिस्कची तपासणी लावावी, आणि वीज अकस्मात गेल्यास लेखन अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस अवश्य जोडावा.

शेवटी एक इशारा. रेड म्हणजे दुसरी वही नव्हे. मुनिमाने चुकून खाते पुसले, तर ते सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते; आग, चोरी व खंडणीखोर विषाणू यांच्यापुढेही रेड निरुपाय आहे. म्हणून एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक परगावी असावी. पांढुर्ण्याच्या पेढीने आपली एक प्रत कुलूपबंद करून सौंसरच्या नातलगांकडे ठेवावी व सौंसरकरांनी पांढुर्ण्यास. ती गुप्तसंकेताने बंद केलेली असावी, आणि वर्षातून दोनदा तरी तिच्यावरून हिशेब उघडून पाहावा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे न मोजता थैली स्वीकारणे होय.

वहीत केवळ आपलेच धन नसते. माल देणाऱ्या शेतकऱ्याचा व ग्राहकाचा विश्वासही तीत लिहिलेला असतो. तो जपणे हाही अचौर्यव्रताचाच एक भाग समजावा, ही सर्व बंधु-भगिनींस नम्र विनंती. जय जिनेंद्र.