धोटा उडाला, डोळा गेला, भरपाईचे काय?

मालेगाव-भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर धोट्याच्या टोकाला पोलादी अणी असते. ठोक चुकला की धोटा मागाबाहेर उडतो आणि शेजारच्या विणकराच्या डोळ्यात बसतो. तो अडवणारी सळई, म्हणजे शटल गार्ड, बसवायला कितीसा खर्च? पण धागा जोडताना आड येते म्हणून ती काढून ठेवणारेही आपणच. सूचना डावलून कामगारानेच मुद्दाम काढली, तर दावाही अडचणीत येतो.

डोळ्याला लागल्यास चोळू नका, दाबू नका. वर पेला उपडा धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. दाव्याचा पहिला कागद तिथेच मिळतो.

मग येतो तोंडी समझोता. मालक बिरादरीचाच, दोन-चार हजार हाती ठेवतो. १९२३ च्या भरपाई कायद्याने एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची ताकद ३० टक्के घटते असे धरले. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. महिना १०,००० मजुरी, वय ३० असेल तर मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ६,००० गुणिले २०७.९८, त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ७४ हजार! ई.एस.आय. लागू असल्यास दावा तिकडे. अर्ज दोन वर्षांच्या आत हवा, सोबत मजुरीचा पुरावा. म्हणून मीटरच्या वहीवर दर हप्त्याला मालकाची सही घेत चला.