आवडत्या गायिकेच्या अल्बमचं परीक्षण: चाहती पण मीच, संशोधक पण मीच



पेट-नेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला हमखास येतो. "ताई, मला जे मनापासून आवडतं त्याच्यावरच संशोधन केलं तर चालेल का? की गाइड म्हणतील, हे काय फॅनगिरी चालवलीय?"

चालेल. पण त्याची एक किंमत आहे आणि ती आधीच भरावी लागते. मी ती उशिरा भरली, म्हणून आज माझंच उदाहरण देते.

माझा विषय नव्वदच्या दशकातलं लोकप्रिय संगीत आणि ते ऐकणारे श्रोते असा आहे. पहिल्या वर्षी विभागाच्या सेमिनारसाठी एक परीक्षण लिहायचं होतं. मी डोळे झाकून फाल्गुनी पाठक निवडली. 'याद पिया की आने लगी' हा १९९८ चा अल्बम आणि 'मैंने पायल है छनकाई' हा १९९९ चा. पनवेलला आमच्या घरी या दोन्ही कॅसेट होत्या. नवरात्रात सोसायटीच्या आवारात स्पीकर लागला की ही गाणी वाजणारच, आणि आम्ही पोरं टिपऱ्या घेऊन तयारच.

चार पानं लिहिली. 'उत्साही', 'प्रसन्न', 'ताजंतवानं' हे शब्द किती वेळा आले ते मोजलं नव्हतं. मॅडमनी मोजलं. कागद परत देताना म्हणाल्या, "अगं, हे परीक्षण नाही, प्रेमपत्र आहे. प्रेमपत्र वाईट नसतं, पण त्यावर मी प्रश्न काय विचारू?"

वाईट वाटलं. विषयच बदलावा असंही मनात आलं. पण मॅडमचा मुद्दा नीट पाहिला तर त्यांनी आवडीला नाव ठेवलं नव्हतं. माझ्या लेखात चूक ठरू शकेल असं एकही वाक्य नव्हतं, हा त्यांचा आक्षेप होता. संशोधनात लिहिलेलं वाक्य कुणीतरी तपासून "नाही, असं नाहीये" म्हणू शकलं पाहिजे. 'तिचा आवाज मनाला भिडतो' हे कसं तपासणार?

मग परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यातल्या पायऱ्या सांगते.

पायरी १: शब्दाची व्याख्या

मी बिनधास्त लिहिलं होतं की हे 'इंडी पॉप' आहे. इथेच पाय घसरला. आज इंडी म्हणजे स्वतंत्र, मोठ्या कंपनीच्या बाहेर राहून केलेलं संगीत. आपल्याकडे नव्वदीत रुळलेला 'इंडीपॉप' हा शब्द भारतीय पॉप या अर्थाचा, म्हणजे चित्रपटाबाहेरची गाणी. इंडीपॉप हे नाव त्याआधी ब्रिटनमध्ये स्टीव्ह को यांच्या रेकॉर्ड कंपनीचं होतं. शीला चंद्रा जिची गायिका होती त्या 'मान्सून' या बँडशी ते जोडलेलं. मान्सूनचं 'एव्हर सो लोनली' १९८२ मध्ये ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं.

आता अलिशा चिनॉयचं १९९५ चं 'मेड इन इंडिया' घ्या. संगीत बिद्दूचं. किंवा आशा भोसले आणि लेस्ली लुईस यांचं १९९७ चं 'जानम समझा करो'. ही इंडीपॉप आहेत, पण आजच्या अर्थाने इंडी नाहीत. फाल्गुनीचे अल्बमही मोठ्या कंपनीकडूनच आले. म्हणजे माझं पहिलंच वाक्य अर्धं चुकीचं. दुरुस्ती काय केली? "या लेखात इंडीपॉप म्हणजे चित्रपटासाठी न केलेला, अल्बम म्हणून विकलेला भारतीय पॉप." एकच ओळ, पण त्यामुळे कुठले अल्बम आत आणि कुठले बाहेर हे ठरलं. याला कामचलाऊ व्याख्या म्हणतात, आणि व्हायवामध्ये पहिला प्रश्न बहुतेक तिच्यावरच येतो.

पायरी २: 'उत्साही' हा शब्द फोडा

उत्साही म्हणजे नक्की काय? जलद? आनंदी? की नाचावंसं वाटणारं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

मानसशास्त्रात जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला. त्यात दोन अक्ष आहेत. एका अक्षावर ऊर्जा, म्हणजे शांत ते उत्तेजित. दुसऱ्यावर भावाची दिशा, म्हणजे अप्रिय ते सुखद. राग आणि आनंद दोन्हींत ऊर्जा जास्त असते, दिशा मात्र उलट. हा नकाशा समोर ठेवला आणि मी दोन खाऊ एकाच डब्यात भरत होते हे कळलं.

ऊर्जेसाठी लय मोजली. सोपी रीत सांगते. गाणं लावा, ठेक्यावर टिचक्या मारा, १५ सेकंदांत किती झाल्या ते मोजा आणि ४ ने गुणा. ३२ टिचक्या आल्या तर मिनिटाला १२८. सॉफ्टवेअरनेही मोजता येतं, पण एक सापळा आहे. सॉफ्टवेअर कधी कधी लय दुप्पट किंवा निम्मी सांगतं, १२८ ऐवजी ६४. दोन्ही आकडे एका अर्थी बरोबर, कारण प्रत्येक ठोक्यावर टाळी द्यायची की एकाआड एक, हे ऐकणारा ठरवतो. म्हणून आकड्यासोबत टाळी कुठे धरली तेही लिहायचं. शिवाय सहा मात्रांचा दादऱ्याच्या जातीचा ठेका आणि आठ मात्रांचा केहरवा एकाच लयीत असले तरी अंगात वेगळे भिनतात. गरब्याला पाय कसा पडतो ते आठवा. त्यामुळे ठेक्याचा रकाना वेगळा केला.

भावाच्या दिशेसाठी शब्द वाचले. नुसते वाचले, गाणं बंद ठेवून.

पायरी ३: ऐकण्याआधी अंदाज लिहून ठेवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वहीत तारीख टाकून लिहिलं: "मला वाटतं, दोन्ही अल्बममधली बहुतेक गाणी जलद आणि आनंदी निघतील. दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा सरस निघेल." आधी लिहिलं नसतं, तर नंतर जे सापडलं त्यालाच "मला माहीतच होतं" म्हटलं असतं.

मग पूर्ण अल्बम ऐकला. हे वाटतं तितकं सोपं नाही. लहानपणी आम्ही कॅसेट सतत मागे घेऊन तीच दोन-तीन गाणी ऐकायचो. बाकीची मला धड आठवतही नव्हती. म्हणजे मी ज्याला 'अल्बम' म्हणत होते, तो खरं तर तीन गाण्यांचा होता! नमुना निवडताना होणारी चूक याहून चांगली कुठे शिकायला मिळणार?

ऐकण्याची परिस्थितीही सारखी ठेवली. आधी मी पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकायचे. सकाळी खिडकी मिळाली की सगळीच गाणी प्रसन्न, संध्याकाळी वडाळ्यापासून उभं राहून आलं की तीच गाणी कटकटीची. म्हणून नंतर घरी, एकाच वेळी, त्याच हेडफोनवर ऐकलं.

पायरी ४: दुसरा कान

माझ्या मामेबहिणीला बसवलं. तिला फाल्गुनीचं काहीच कौतुक नाही. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर प्रत्येक गाण्याला 'उत्साही' किंवा 'नाही' लिहायचं, एकमेकींचं बघायचं नाही.

इथे एक हिशेब शिकून घ्या. समजा २० गाणी आहेत. १४ गाण्यांना दोघी 'उत्साही' म्हणाल्या, २ गाण्यांना दोघी 'नाही', आणि ४ गाण्यांवर मतभेद, दोन्ही बाजूंनी दोन-दोन. एकमत २० पैकी १६, म्हणजे ०.८०. झकास वाटतं ना? पण दोघीही मुळात १६-१६ गाण्यांना 'उत्साही' म्हणत असतील, तर निव्वळ योगायोगानेच ०.६८ एकमत होईल (०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२). योगायोगापलीकडचं एकमत काढायला ०.८० मधून ०.६८ वजा करा आणि १ वजा ०.६८ ने भागा. उत्तर ०.३७५. याला कोहेनचा कप्पा म्हणतात, १९६० पासून वापरात आहे. ऐंशी टक्क्यांचा तोरा कुठल्या कुठे गेला बघा. कप्पा कमी आला की व्याख्येकडे परत जायचं. बहिणीशी भांडायचं नाही.

मग हाती काय लागलं?

ऊर्जेबद्दलचा माझा अंदाज बऱ्यापैकी टिकला. दिशेबद्दलचा पडला. अल्बमचं नावच बघा: 'याद पिया की आने लगी'. ठेका नाचायला लावतो आणि बोल आठवण काढतात. लहानपणी टिपऱ्या आपटताना ही हुरहुर माझ्या कानावरूनच गेली होती. म्हणजे जिला मी पंचवीस वर्षं 'आनंदी गाणी' म्हणत होते, त्यातली ऊर्जा वर आहे आणि भाव मात्र वाट बघणाऱ्याचा. माझ्या मते या गाण्यांचा टिकाऊपणा या ताणात आहे. हे वाक्य आता तपासता येतं. कुणीही रकाने भरून मला खोटं पाडू शकतं.

दुसरा अंदाजही पडला, आणि तो लिहिताना हात अडखळला. दुसरा अल्बम मला सरस वाटत होता. पण वहीतले रकाने शेजारी ठेवल्यावर साचा दिसायला लागला. एका गाण्यात चूडी, दुसऱ्यात पायल, पुढे चुनर. दागिना किंवा पदर, त्याची हालचाल, आणि त्यातून प्रियकराला निरोप. साचा वाईट असतो असं नाही, लोकगीतंही साच्यावरच चालतात. पण 'दर वेळी काहीतरी नवं' हे माझं आधीचं वाक्य खोडावं लागलं.

आणि सरस का वाटत होता? बहुधा व्हिडिओमुळे. 'पायल'च्या व्हिडिओतली बाहुल्यांच्या खेळाची गोष्ट, आणि फाल्गुनी स्वतः शर्ट-पँटमध्ये. घागरा-चोळीच्या गर्दीत असा पोशाख करणारी बाई आम्हा मुलींना फार भारी वाटायची. ते कौतुक खरंच आहे, पण ते ध्वनिमुद्रणाबद्दल नाही, म्हणून त्याला वेगळा परिच्छेद दिला. २०२२ मध्ये 'पायल'चं नवं रूप 'ओ सजना' आलं तेव्हा जुने चाहते चिडले, तेही याच वर्गात टाकलं. त्या रागावरून जुनं गाणं लोकांच्या आठवणीत किती खोल आहे ते कळतं. जुनं गाणं श्रेष्ठ आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की नुसत्या ओळखीनेही ती आवडायला लागते.

स्वतःबद्दल किती लिहायचं?

हेन्री जेंकिन्स यांच्या १९९२ च्या 'टेक्स्चुअल पोचर्स' या पुस्तकानंतर चाहता-संशोधक ही भूमिका अभ्यासात रुळली आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही. पण आत्मचरित्रही नको. मी तीनच वाक्यं ठेवली: मी ही गाणी कधीपासून ऐकते, कुठल्या गाण्यांबद्दल माझी आठवण पक्की आहे, आणि त्यामुळे माझा निकाल कुठल्या बाजूला झुकू शकतो. तिसरं वाक्य बरेच जण गाळतात. पहिली दोन त्याच्यासाठीच तर लिहायची असतात.

दुसरा मसुदा मॅडमना दिला तेव्हा त्यांनी समासात सात प्रश्न लिहिले. पहिल्या मसुद्यावर एकही नव्हता. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला अजून देता आलेली नाहीत, आणि माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यांच्यावरच उभं राहतंय.

तेव्हा आवडता विषय घ्या, बिनधास्त घ्या. फक्त आज रात्री वहीत तारीख टाकून पाच ओळी लिहा: मला काय सापडेल असं वाटतं, आणि काय सापडलं तर मी चुकले असं मानेन. दुसरा भाग लिहिता येत नसेल तर विषय अजून तयार झालेला नाही, असं समजा.

आणि हो, गाणी आवडायची थांबली का, असं बहिणीने विचारलं होतं. नाही. उलट त्या कॅसेटमधली मागे पडलेली दोन गाणी आता माझ्या यादीत वरती आहेत.

भेटूया पुढच्या लेखात. शंका असतील तर जरूर विचारा.