रस्ता कुणाचा? आधी तेवीस नंबर पाहा

पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यात एक भांडण हमखास उकरून निघते. वाडीचा रस्ता कुणी करायचा? ग्रामस्थ म्हणतात, "आमी घरपट्टी भरतांव, मग रस्ता का नाय?" ग्रामपंचायत म्हणते, "तो रस्ता आमच्याकडे नोंदच नाही." दोन्ही बाजू खऱ्या असतात, आणि रस्ता मात्र मातीचाच राहतो.

हे केवळ डोंगरातल्या वाड्यांचे दुखणे नाही. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव अशा गावांत प्लॉट पाडून वस्त्या उभ्या राहिल्या. प्लॉट विकले गेले, घरे झाली, पण अशा वस्त्यांतला मधला रस्ता कित्येकदा सातबारावर मूळ मालकाच्याच नावावर राहतो. रस्ता करून देण्याची अट बिनशेतीच्या आदेशात सहसा असते. ती कुणी वाचत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावातील रस्ते, गटारे, मोऱ्या बांधणे आणि दुरुस्त ठेवणे हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत आहे. मात्र जो रस्ता दुसऱ्या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आहे, त्याला तिच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणजे पहिला प्रश्न 'पैसे कुठे आहेत' हा नसून 'रस्ता कुणाच्या दप्तरी आहे' हा आहे.

ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही म्हणजे नमुना 23. त्यात रस्ता नसेल तर सरकारी पैसा खर्ची टाकताना ग्रामसेवकाचा हात आखडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. उद्या एखादा खातेदार हरकत घेऊन उभा राहिला तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

आणि खरी गाठ इथेच आहे. कोकणात एका सातबारावर वीस-पंचवीस नावे. निम्मी मंडळी मुंबईला, काही मयत, वारस लागलेले नाहीत. एका भावाने स्टँपपेपरवर संमती लिहून दिली म्हणून बाकीचे बांधले जात नाहीत. जागा कायमची द्यायची तर सर्व हिस्सेदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्रच हवे. गणपतीला किंवा शिमग्याला सगळे चाकरमानी घरी येतात. तेव्हा देवळात बसून हा विषय काढावा आणि कागद पुरा करून घ्यावा. नंतर पत्रे पाठवून काही होत नाही.

कागद झाला की ग्रामसभेत ठराव, नमुना 23 ला नोंद आणि गावाच्या विकास आराखड्यात समावेश, याच क्रमाने जावे. शेतीच्या रस्त्यांसाठी शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तिचीही चौकशी करावी. वहिवाटीचा जुना रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो.

रस्ता मंजूर झाला तरी घाईने डांबर मागू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आधी दोन्ही अंगांना गटार, उताराला मोऱ्या, मग जांभ्याचे सोलिंग, आणि पृष्ठभाग सगळ्यात शेवटी. गटाराविना केलेला रस्ता पहिल्या दोन पावसाळ्यांत वहाळ होतो आणि भांडण पुन्हा मूळपदावर येते.

बागायतदार बंधूंनो, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या डोक्यावरून उतरवण्याची मजुरी काढून पाहा. फळाला लागणारा मार वेगळाच. आजारी माणसाला डोलीतून न्यावे लागते त्याचा तर हिशेबच करता येत नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत ओरडा करण्याआधी चारजण मिळून ग्रामपंचायतीत जा आणि तेवीस नंबरचे रजिस्टर उघडून बघा. रस्ता त्यात असेल तर हक्काने मागा. नसेल तर कामाला कुठून सुरुवात करायची ते तिथेच कळेल.