पर्वतीच्या १०३ पायऱ्या



सुट्टी लागली की पोरं म्हणतात, पुण्याला न्या. पण तिथं गेलं की तिकिटं काढण्यातच पैसे संपतात. म्हणून आम्ही मांडवगणच्या गटातल्या बाया सांगतो, पर्वतीला जा. स्वारगेटला उतरलं की टेकडी जवळच आहे. वर चढायला तिकीट नाही. संग्रहालय बघायचं असेल तरच काढावं लागतं.

पायऱ्या १०३ आहेत. ऊन तापायच्या आत चढा. पाणी आणि भाकरी-चटणी सोबत ठेवा. पावसाळ्यात दगड निसरडा होतो, तेव्हा लहानग्यांचा हात सोडू नका. कठड्यावर तर कुणालाच बसू देऊ नका.

वरून सगळं पुणं दिसतं. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, ते पोरांना सांगा. आणखी एक गोष्ट सांगा. पूर्वी दलितांना या देवळात जाऊ देत नव्हते. १९२९ साली त्यांनी इथं सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर दगडफेक झाली. तरी देऊळ लगेच उघडलं नाही.

आज आपली सगळ्यांची लेकरं या पायऱ्या पळत चढतात. त्यासाठी कुणीतरी दगड खाल्ले, हे त्यांना ठाऊक हवं.