शेजारी काही 'चॉइस'ने मिळत नाही!

वन बीएचके फायनल करताना आपण काय काय बघतो? पार्किंग, पाणी, लिफ्ट, स्टेशनपासूनचं अंतर. एकच गोष्ट ब्रोकर दाखवत नाही, ती म्हणजे शेजारी! तो पझेशननंतरच कळतो. मग रात्री ड्रिलिंग, जिन्यात चपलांचा ढीग आणि 'तुमच्याकडे फार लोक येतात हं' हा टोमणा.

माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकांना तर माझी खुर्ची सरकलेलीही चालत नाही. लगेच खालून काठीची ठकठक! अशा माणसावर स्वतःइतकं प्रेम करायचं? ख्रिस्ती धर्मात ही नुसती सूचना नाही, चक्क आज्ञा आहे. चर्चमध्ये ऐकायला गोड, जिन्यात पाळायला महाकठीण.

जालन्याचं बेथेल

ही आज्ञा किती अवघड असू शकते, ते बघायला मराठवाड्यात चला. स्टील आणि बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. बेथेल म्हणजे हिब्रूत 'देवाचं घर'. ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एकच वादळ उठलं. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि तो वडिलांकडे परत आला. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले.

पुढे १८६० च्या दशकात शेषाद्री निजामाच्या राज्यातल्या जालन्यात काम करू लागले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि बेथेल वसलं. राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार. ज्यांची सावलीही टाळायची असं लहानपणी शिकवलं गेलं, तेच आता शेजारी!

पण परीक्षा एकट्या शेषाद्रींची नव्हती. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, त्यांच्यातलाच एक आता 'आपला' म्हणवत होता. त्याच्यावर भरवसा ठेवणं सोपं होतं का? शिवाय महार आणि मांग यांच्यातही तेव्हा रोटीव्यवहार नव्हता. आणि चर्चमध्ये प्रभुभोजन म्हणजे सगळ्यांनी एकाच भाकरीतला वाटा घ्यायचा. मला वाटतं, शेजारप्रीतीची खरी कसोटी प्रवचनात नाही, त्या एका घासात आहे.

आवडायलाच हवा का?

येशूला एका शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? उत्तरात आली चांगल्या शोमरोनीची गोष्ट. लुटारूंनी रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाजवळून याजक आणि लेवी पुढे निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना अजिबात न चालणारा. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन नाणी दिली.

गंमत बघा, त्याला तो माणूस 'आवडला' असं गोष्टीत कुठेच नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघूनही गेला. म्हणजे प्रेम ही फीलिंग नाही, कृती आहे. आणि तिला मर्यादाही असते, बॉस!

'स्वतःसारखं' म्हणजे तरी काय? आपण चिडलो, तर 'आज ऑफिसमध्ये फार ताण होता' ही सवलत स्वतःला लगेच देतो. तीच शेजाऱ्याला द्यायची.

करून बघा

- तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी दारावर जाऊन बोला.
- भांडण चपलांचं असेल तर चपलांपुरतंच ठेवा. जात, गाव, स्वयंपाकाचा वास मध्ये आणू नका.
- तो आजारी पडला तर रिक्षा बोलवायला मागचा हिशोब आडवा येऊ देऊ नका.
- धमकी, छेडछाड, मारहाण असेल तर सरळ पोलीस. सहन करत राहणं म्हणजे प्रेम नव्हे.

आपल्या मराठीत याला छान शब्द आहे, शेजारधर्म. चांगल्या शेजाऱ्याशी तो कुणीही पाळेल. खरा कस लागतो तो नकोशा शेजाऱ्यापाशीच!