दोन बाटल्यांची निवडणूक

महाराष्ट्रात एक अशी निवडणूक होते जिच्यात उमेदवार हात जोडत नाहीत, सभा घेत नाहीत आणि निवडून आल्यावर गायबही होत नाहीत. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात : एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे गावातलं परवान्याचं दारू दुकान चालू ठेवा, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. मतदान गुप्त आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. मागणी महिलांनी केली असेल तर मतदारही फक्त महिलाच. ज्यांनी बाटलीचं झाकण कधी उघडलं नाही, त्यांच्याच हाती बाटलीचा निकाल!

या सोयीचे नियम २००८ च्या शासन आदेशात आहेत. गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, उत्पादन शुल्क खात्याने सह्या पडताळायच्या आणि मग मतदान घ्यायचं. वाचायला सोपं आहे. पण भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या गावात हे करून दाखवायचं म्हटलं की खरी गंमत कळते.

आधी नकाशा बघू. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या जिल्ह्याचा लाखांदूर तालुका गडचिरोलीला लागून आहे आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. दक्षिणेच्या चंद्रपूरनेही १ एप्रिल २०१५ पासून बंदी पाळली, २०२१ मध्ये ती उठली. मधल्या सहा वर्षांत भंडाऱ्याला दोन कोरडे शेजारी होते आणि भंडारा स्वतः ओला. जिल्हा ओला असला तरी त्यातलं एखादं गाव स्वतःपुरतं कोरडं होऊ शकतं, ही या आदेशातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट. मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही, मोर्चा मुंबईला न्यावा लागत नाही.

मग हे घडवून आणतं कोण? गावात महिलांचा राजकीय क्लब अशी पाटी कुठे दिसायची नाही. पण गटाची मिटिंग मात्र गावोगाव भरते. बचत गट, त्यांच्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. कुठे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे ‘उमेद’चे, कुठे १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे म्हणजे ‘माविम’चे. सतरंजीवर बायका गोल बसतात, हप्ता गोळा होतो, हजेरीवर सह्या होतात, कर्जफेडीची चौकशी होते. कोणाच्या घरचा हप्ता का थकला, याचं खरं कारण त्या सतरंजीवर आपोआप बाहेर येतं. बऱ्याचदा ते कारण दारूच्या दुकानापर्यंत जातं.

तिथून पुढची पायरी महिला सभा. प्रत्येक ग्रामसभेआधी गावातल्या महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे, असं राज्याचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. आता याच तारखा भंडाऱ्याच्या शेतात उभं राहून बघा. जानेवारी अखेर पाण्याची सोय असलेल्या गावात उन्हाळी धानाची रोवणी. मे महिन्यात तेंदूपत्ता. ऑगस्टच्या मध्यात मागे पडलेली रोवणी किंवा निंदण. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हलका धान कापणीला येतो. रोवणी, निंदण आणि पत्ता तोडणं ही कामं मुख्यतः बायकांचीच. सभेचं कॅलेंडर करणाऱ्याने धानाच्या बांधीत पाय घातला नसावा! तरीही सभा होतात, ठराव होतात, ते प्रोसिडिंग बुकात चढतात, म्हणून कौतुक.

खरी परीक्षा आकड्यांची. दुकान बंद व्हायला मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायकांची मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. समजा, गावात ८०० महिला मतदार आहेत. मागणीला २०० सह्या लागतील. मतदानाच्या दिवशी ५०० जणी आल्या, त्यातल्या ३९० जणींनी आडवी बाटली निवडली, ११० जणींनी उभी. झालेल्या मतांपैकी ७८ टक्के मतं बंदीला. तरी दुकान चालूच राहणार, कारण ४०१ चा आकडा गाठला नाही. आमदार याहून कितीतरी कमी टक्क्यांवर निवडून येतो.

म्हणजे जी घरी राहिली, तिचं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात गेलं. लग्न होऊन पवनीहून नागपूरला गेलेल्या लेकीचं नाव यादीत राहिलं असेल, तर तीही नकळत दुकानाच्या बाजूने. वारलेल्या आजीचं नाव कोणी कमी केलं नसेल, तर तीसुद्धा. म्हणून या लढाईचं मुख्य हत्यार घोषणा नसून मतदारयादी असते. वॉर्डवार यादी काढायची, हजेरीबुकाशी ताडून बघायची, कोण कामाला बाहेर आहे, कोण बाळंतपणाला माहेरी गेली आहे, कोणाला आणायला गाडी लागेल याच्या खुणा करायच्या. एखादा पक्ष बूथसाठी पगारी माणसं ठेवून जे करतो, ते इथे स्वयंपाक उरकून होतं.

जगात ही कल्पना आपलीच पहिली नाही. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्यानुसार १९२० पासून गावोगाव अशी मतदानं झाली. तिथे दारूचे परवाने पूर्ण बंद करायला झालेल्या मतांपैकी ५५ टक्के आणि यादीतल्या किमान ३५ टक्के मतदारांचा कौल लागे. त्या हिशेबाने आपल्या ८०० च्या गावातल्या ३९० बाया आरामात जिंकल्या असत्या. बायकांचं राजकारण आणि दारूविरोध यांचं नातंही जुनं. न्यूझीलंडच्या स्त्रियांना १८९३ मध्ये मताधिकार मिळाला, त्या चळवळीत केट शेपर्ड यांची दारूविरोधी महिला संघटना आघाडीवर होती. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबागुंटाच्या बायकांनी पेटवलेल्या आंदोलनामुळे १९९३ मध्ये अख्ख्या राज्यातली अरक, म्हणजे तिथली देशी दारू, बंद झाली.

भंडाऱ्याला बायकांचं राजकारण नवखं नाही. १९५५ च्या पोटनिवडणुकीत या जिल्ह्याने अनुसयाबाई बोरकर यांना लोकसभेत पाठवलं होतं. २०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. पण खुर्चीवर बसलेली बाई आणि ४०१ मतं गोळा करणारी बाई यांत मला दुसरी जास्त पक्की राजकारणी वाटते. तिला आरक्षण नाही, मानधन नाही आणि तिच्याविरुद्ध दुकानाचा रोजचा गल्ला उभा असतो.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. आडवी बाटली फक्त परवान्याचं दुकान झोपवते. मोहाची हातभट्टी कुठल्या परवान्यावर चालत नाही, त्यामुळे ती मतपत्रिकेच्या आवाक्यात येत नाही. अवैध दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. दुकान बंद करून भट्टीकडे दुर्लक्ष केलं, तर नवरे रस्ता बदलतात, सवय नाही. म्हणून जाणते गट दोन्ही कामं एकदम काढतात.

तुमच्या गावात दुकान असो वा नसो, मतदारयादी एकदा मागून वाचा. गाव सोडून गेलेल्या आणि वारलेल्यांची नावं कमी करायचा अर्ज म्हणजे नमुना ७. तो तुमच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मिळतो.