बालवाडीतील पर्यावरण-संस्कार : कोसबाडचा प्रयोग आणि सुलतानपूरचा परिसर

पर्यावरणस्नेही सवय हा शब्दप्रयोग अलीकडचा असला तरी त्यामागील प्रश्न जुना आहे. तीन ते सहा वर्षांच्या बालकास जे शब्दांनी शिकविता येत नाही, ते त्याच्या अंगी कसे बाणवावे? शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्देश दिले. परंतु बालवाडीत 'विषय' असा नसतोच; तेथे असते ती दिनचर्या. म्हणून या वयातील पर्यावरणशिक्षणाचा विचार दिनचर्या व साधने यांच्या अंगाने करणे क्रमप्राप्त ठरते.

या दृष्टीने ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचा प्रयोग मूलभूत मानावा लागतो. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, माती अशा परिसरातील वस्तू योजिल्या गेल्या. येथे हेतू काटकसरीचा होता, पर्यावरणाचा नव्हे. तथापि त्यातून निष्पन्न झालेले तत्त्व काटकसरीहून व्यापक आहे.

परिसरातील साधन कोठून आले, हे बालकास ठाऊक असते. मोडल्यावर ते कोठे जाते, हेही त्यास दिसते. वस्तूचा आरंभ व शेवट दोन्ही दृष्टीच्या टप्प्यात असल्याने 'कचरा' ही कल्पना त्याच्यापुरती अमूर्त राहत नाही. दुसरे असे की, स्नान, नखे, केस यांची स्वच्छता हा कोसबाडच्या शिक्षणक्रमाचाच भाग होता. आपले अंग नीट ठेवणारे मूल अंगण नीट ठेवण्यास सहज प्रवृत्त होते. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे गेली. पाड्यावरील अंगणात अंगणवाडी भरली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परिसर हाच वर्ग झाला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

हे तत्त्व बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरसारख्या गावी लावून पाहता येईल. हे गाव लोणार तालुक्यात आहे. ज्या लोणार सरोवरास २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला, ते येथून जवळच. चार वर्षांच्या मुलास उल्काविवराची महती कळणार नाही. परंतु हात धुतलेले पाणी निंबाच्या रोपाच्या आळ्यात सोडणे त्यास कळते व आवडतेही. मोजण्यास चिंचोके व लिंबोळ्या, रचण्यास ज्वारीचे धांडे, वर्गीकरणास सरकी व तुरीचे दाणे, ही सामग्री वऱ्हाडच्या शिवारात विपुल आहे. (अगदी लहान मुलांच्या हाती बारीक दाणे देताना देखरेख अवश्य हवी.)

येथे एक आक्षेप संभवतो. पत्रावळ, मडके, उकिरड्याचे खत या सवयी टंचाईतून आल्या. स्वस्त प्लॅस्टिक येताच त्या मागे पडल्या. मग गरजेपोटी जडलेली सवय सुबत्तेत टिकावी कशी? या आक्षेपात तथ्य आहे. कोसबाडला जे परिस्थितीने करविले, ते आज सेविकेस जाणीवपूर्वक निवडावे लागते. शिवाय पोषण आहार, लसीकरणास साहाय्य व नोंदवह्या यांचा भार तिच्यावर असतोच. सबब जी सवय तिच्या कामात भर घालील, ती फार काळ टिकणार नाही. जी नित्याच्या हात धुण्यात, जेवणात व खेळात सामावेल, तीच टिकेल.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. झाडू नेहमी मुलींच्या हाती आणि पाण्याची झारी मुलांच्या हाती, अशी वाटणी झाल्यास स्वच्छतेबरोबर विषमतेचाही संस्कार होतो. कामांची पाळी सर्वांस सारखी यावयास हवी.

तात्पर्य, बालवाडीतील पर्यावरणशिक्षणाचे मूल्यमापन भिंतीवरील तक्ते वा वृक्षारोपणाचे समारंभ मोजून होणार नाही. सेविका पाठमोरी असताना वाहता नळ कोणते मूल आपण होऊन बंद करते, हे अभ्यासकाने पाहावे. सांगितल्यावाचून घडलेली कृती हीच सवयीची खरी कसोटी होय.